मोटारीचा टायमिंग पट्टा : केव्हा बदलावा आणि का?

यंत्राच्या दुरुस्तीचा आपल्याकडे एक जुना रिवाज आहे. यंत्र कुरकुरले की मग त्याच्याकडे पाहायचे. बैल लंगडू लागला की नाल तपासायची, पीठ जाडे पडू लागले की जाते टाकवून घ्यायचे, सायकलची चेन वाजू लागली की तेलाचे दोन थेंब सोडायचे. हा रिवाज अगदीच वाईट आहे असे नाही. बहुतेक यंत्रे बिघडण्यापूर्वी काही ना काही बोलतात आणि ज्याचा कान तयार आहे त्याला ते कळते. परंतु मोटारीच्या इंजिनात एक भाग असा आहे की, तो तुटेपर्यंत बहुधा बोलतच नाही. आणि तुटला की एकट्याने जात नाही, बरोबर अर्धे इंजिन घेऊन जातो. त्याचे नाव टायमिंग पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट. काही इंजिनांत त्याच्या जागी साखळी असते. या दोहोंची ओळख करून घ्यावी, आणि त्या केव्हा बदलाव्यात याचा काही पक्का हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कुणी म्हणेल, खेड्यातल्या माणसाला हे सांगून काय उपयोग? तर तसे नाही. मोटार आता केवळ शहरातल्या बंगल्यापुढे उभी राहत नाही. शाळेची व्हॅन आहे, बाजारात भाजी नेणारा टेम्पो आहे, वडापची गाडी आहे, आणि शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले अशा मंडळींनी कर्ज काढून घेतलेली जुनी मोटारही आहे. नवी गाडी घेणाऱ्याला कंपनीचा माणूस चार गोष्टी सांगतो. जुनी घेणाऱ्याला कोण सांगणार? आणि नेमका त्याच्याच वाट्याला जुना झालेला पट्टा येतो.

आधी इंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहू. नळकांड्यासारखी एक पोकळी असते, तिला सिलिंडर म्हणतात. तिच्यात एक दट्ट्या खालीवर होतो, तो पिस्टन. पोकळीच्या डोक्यावर झडपा असतात. काही झडपा हवा आत घेतात, काही धूर बाहेर सोडतात. या झडपांना इंग्रजीत व्हॉल्व्ह म्हणतात; आपले मिस्त्री लोक नुसते ‘वॉल’ म्हणतात. दट्ट्या खाली जातो तेव्हा हवेची झडप उघडी हवी. तो वर येऊन हवा दाबतो तेव्हा सगळ्या झडपा बंद हव्यात. मग जळण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. गाडी चालते ती या एका धक्क्यावर. चौथ्या खेपेला दट्ट्या वर येतो तेव्हा धुराची झडप उघडी हवी. घेणे, दाबणे, पेटणे, सोडणे अशी ही चार पावले आहेत. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने 1876 साली असे चार पावलांचे इंजिन चालवून दाखविले. मोटारींची पेट्रोल-डिझेलची बहुतेक इंजिने आजही हीच चार पावले टाकतात.

दट्ट्याचे खालीवर होणे ज्या दांड्याच्या फिरण्यात बदलते तो क्रँकशाफ्ट. तो इंजिनाच्या तळाशी असतो. झडपा उघडण्याचे काम करतो तो दुसरा दांडा, कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा आला की झडप दाबली जाते, गेला की ती मिटते. आता चार पावलांत दट्ट्या दोनदा वर येतो आणि दोनदा खाली जातो, म्हणजे खालच्या दांड्याच्या दोन फेऱ्या होतात. आणि तेवढ्यात प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. म्हणून खालच्या दांड्याच्या दोन फेऱ्यांना वरच्याची बरोबर एक फेरी झाली पाहिजे. पावणेदोन नाही की सव्वादोन नाही. या दोघांना एका तालात बांधून ठेवते तो टायमिंग पट्टा किंवा टायमिंग साखळी.

हा ताल चुकला तर काय होते? ज्या घरात अजून उखळ-मुसळ आहे तिथे हे चटकन समजेल. दोन बाया समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात कांडतात. एकीचे मुसळ खाली, तेव्हा दुसरीचे वर. जागा एकच, पण दोघी ती पाळीपाळीने वापरतात. ताल जुळलेला आहे तोवर भात सुरेख कांडला जातो. ताल चुकला की मुसळावर मुसळ आपटते. इंजिनातही तेच आहे. झडप उघडते ती खाली, सिलिंडरच्या पोकळीत. आणि दट्ट्या वर येतो तोही त्याच पोकळीत. पट्टा तुटला की वरचा दांडा जागीच थबकतो. त्यावेळी ज्या झडपा उघड्या असतील त्या उघड्याच राहतात. खालचा दांडा मात्र गाडीच्या वेगाने फिरतच असतो. दट्ट्या वर येतो आणि उघड्या झडपेवर आदळतो. झडप वाकते, कधी तिचे डोके तुटून आत पडते, कधी दट्ट्यालाच भोक पडते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होऊन जाते.

काही इंजिनांत ही पोकळी मोकळी ठेवलेली असते, म्हणजे उखळ मोठे असते. तिथे पट्टा तुटला तरी गाडी फक्त बंद पडते आणि नवा पट्टा घालून पुन्हा चालू होते. परंतु यावर विसंबू नये. डिझेल इंजिनात तर ही सवलत जवळजवळ नाहीच. डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबून तापविलेल्या हवेने पेटते. त्यासाठी आत घेतलेली हवा मूळच्या साधारण सोळाव्या ते विसाव्या हिश्शाइतक्या जागेत कोंबावी लागते. म्हणजे दट्ट्या अगदी छताला भिडेपर्यंत वर येतो. तिथे उघड्या झडपेला लपायला जागा कुठली?

येथे एक प्रश्न विचारला जाईल. आमचे वडील चाळीस वर्षे गाडी चालवीत होते, त्यांनी कधी पट्टा बदलल्याचे ऐकले नाही; मग हे नवीन खूळ कुठून आले? प्रश्न रास्त आहे. ॲम्बॅसडर घ्या किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी घ्या. त्यांच्या इंजिनात कॅमशाफ्ट खालीच, क्रँकशाफ्टच्या शेजारी होता आणि दोघांमध्ये एक आखूड साखळी होती. पुढे कॅमशाफ्ट इंजिनाच्या डोक्यावर, झडपांच्या जवळ नेण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे इंजिन अधिक चपळ झाले, पण दोन दांड्यांतले अंतर वाढले. तेवढी लांब साखळी जड, तिला तेल हवे, ती आवाजही करते. म्हणून रबराचा दात्यांचा पट्टा आला. तो हलका, स्वस्त आणि मुका. सर्वसामान्य विक्रीच्या मोटारीत तो प्रथम आणला तो जर्मनीतील ग्लास कंपनीच्या 1004 या गाडीने, 1962 च्या सुमारास. आपल्याकडे 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली, तिच्या इंजिनात असा पट्टा होता. तेव्हा वडिलांचे चुकले नाही. त्यांच्या इंजिनात पट्टाच नव्हता. चूक होते ती, त्यांच्या गाडीची सवय आपण आपल्या गाडीला लावतो तेव्हा.

पिठाच्या गिरणीचा पट्टा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो सपाट असतो आणि ओझे फार झाले तर थोडा घसरतो. घसरला तरी बिघडत नाही. टायमिंग पट्ट्याला घसरण्याची मुभा नाही. म्हणून त्याच्या आतल्या अंगाला दाते असतात आणि रबराच्या आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात, की ज्यायोगे तो ताणला जाऊ नये. मोटारीच्या पुढच्या बाजूला वरून दिसतो तो मात्र वेगळा पट्टा आहे. तो डायनॅमो, पंखा, एसी असली कामे करतो. लोक त्याला फॅन बेल्ट म्हणतात. तो तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि वाटेतही नवा घालता येतो. ‘बेल्ट बदललाय’ असे कुणी सांगितले तर कोणता, हे विचारून घ्यावे. टायमिंग पट्टा झाकणाआड असतो. तो वरून दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा : केव्हा बदलावा? याचे पहिले आणि शेवटचे उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असते. तिथे दोन आकडे असतात, एक किलोमीटरचा आणि एक वर्षांचा. पुष्कळ इंजिनांसाठी हा आकडा 60,000 पासून 1,00,000 किलोमीटरपर्यंत असतो. काही नव्या इंजिनांत तो त्याहून बराच पुढे जातो. वर्षांची मर्यादा साधारण चार-पाचांपासून दहापर्यंत आढळते. यांपैकी जे आधी येईल ते धरायचे, हा नियम ध्यानात ठेवावा. ‘माझी गाडी फिरतेच कुठे?’ असे म्हणणारा नेमका येथे फसतो. रबर चालून झिजते, तसे नुसते बसूनही वाळते. जुन्या टायरला भेगा पडतात त्या काय चालण्यानेच पडतात? सात वर्षांत वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचा पट्टा किलोमीटरने तरुण असेल, वयाने म्हाताराच आहे.

दुसरी गोष्ट. किलोमीटरचा काटा इंजिनाचे सगळे श्रम मोजीत नाही. साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्यांमागे तासभर अडकलेली मोटार, लग्नाच्या मांडवाबाहेर एसी लावून उभी ठेवलेली मोटार, यांचे इंजिन फिरतच असते आणि काटा मात्र हलत नाही. धूळ, उन्हाळा, सतत थांबत थांबत चालणे, ओझे यांना पुस्तिकेत ‘कठीण परिस्थिती’ म्हणतात आणि अनेक पुस्तिकांत तिच्यासाठी आकडा कमी दिलेला असतो. आपल्याकडचा मे महिना आणि आपल्याकडचे रस्ते पाहता हा कमी आकडाच आपला समजावा.

या श्रमांचा अंदाज यावा म्हणून थोडे गणित करू. समजा, गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने जात आहे आणि इंजिन मिनिटाला 2,000 फेऱ्या घेत आहे. त्या वेगाने एक किलोमीटरला एक मिनिट लागते. म्हणजे किलोमीटरमागे खालच्या दांड्याच्या 2,000 आणि वरच्या दांड्याच्या 1,000 फेऱ्या. 60,000 किलोमीटर झाले की वरच्या दांड्याच्या सहा कोटी फेऱ्या होतात. प्रत्येक झडप सहा कोटी वेळा उघडलेली आणि मिटलेली असते. आणि पट्ट्याचा प्रत्येक दाता न चुकता, न थकता हे ओझे ओढीत आलेला असतो. इतके काम एखाद्या बोटभर रुंदीच्या रबराकडून करून घेतल्यावर त्याला वेळेवर निवृत्त करावे, यात उधळपट्टी ती कसली?

आमच्या भागातील एका माध्यमिक शिक्षकांची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. त्यांनी सहा वर्षांची जुनी डिझेल मोटार घेतली. काट्यावर 58,000 किलोमीटर होते. गाडी दिसायला स्वच्छ, आवाज उत्तम. घर ते शाळा चौदा किलोमीटर. सव्वा वर्षाने, एका बाजारच्या दिवशी, चढावर गाडी एकदम बंद पडली. ना धूर, ना आवाज. गुरुजींनी चार-पाच वेळा किल्ली फिरवून पाहिली. मग बाजारातून परतणाऱ्या पोरांनी धक्का मारला आणि गुरुजींनी दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडून पाहिला. काही उपयोग झाला नाही. तालुक्याहून मिस्त्री आला.

“गुरुजी, टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?”

“तो बदलायचा असतो का?”

मिस्त्री काही बोलला नाही. त्याने झाकण काढून पट्ट्याची दोन टोके हातात दिली. पुढे हेड उतरविले तेव्हा आठांपैकी सहा वॉल वाकलेले निघाले. गाडी सतरा दिवस गॅरेजमध्ये पडून होती आणि पट्ट्याचे काम ज्या पैशांत झाले असते त्याच्या कित्येक पट पैसे गेले. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता त्यांनी पतपेढीतून उचल घेऊन भरला. गुरुजी चालवायला वाईट नव्हते. तेलपाणी वेळेवर करीत. त्यांना हा एक प्रश्न कुणी विचारायला शिकविले नव्हते, इतकेच.

या हकिकतीतून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली : गाडी चालता चालता अचानक, आवाज न करता बंद पडली, आणि स्टार्टर मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलके, सरसर फिरते आहे असे वाटले, तर पट्टा गेल्याची शंका घ्यावी आणि लगेच हात आखडावा. पुन्हा किल्ली नाही आणि धक्का तर मुळीच नाही. पहिल्या आघातातून वाचलेल्या झडपा या धडपडीत वाकतात. पट्टा शाबूत असतानाही धक्का मारून गाडी चालू करणे बरे नव्हे. त्या हिसक्याने पट्टा दातावरून उडी मारू शकतो, म्हणून काही उत्पादक पुस्तिकेत याची स्पष्ट मनाई करतात. दुसरी गोष्ट जिवाची आहे. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच उरते आणि स्टिअरिंग जड होते. घाटात असे झाले तर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून-सोडून ती मदत वाया घालवू नये. एकदाच, जोर लावून, दाबूनच धरावा; गाडी कडेला घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चाकाखाली दगड लावावा. गाडी थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढू नये, नाहीतर स्टिअरिंगला कुलूप बसते.

आता साखळीकडे वळू. लोखंडी साखळी रबरासारखी वाळत नाही, ती इंजिनाच्या तेलात चालते. म्हणून साखळीच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ती बदलण्याचा ठरावीक आकडा दिलेला नसतो. नीट जपली तर ती इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकावी अशी अपेक्षा असते. परंतु ‘नीट जपली तर’ या शब्दांतच सारे आले. सायकलची चेन जुनी झाली की लांबते, हे आपण जाणतो. लोखंड काही ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन थोडी थोडी झिजते आणि शंभर ठिकाणच्या थोड्याथोड्याची बेरीज होऊन चेन लोंबू लागते. टायमिंग साखळीचेही तसेच होते. तिला ताणून धरणारा जो टेन्शनर असतो तो पुष्कळ इंजिनांत तेलाच्या दाबावर चालतो. म्हणजे तेल हेच साखळीचे अन्न आणि तेलच तिचा आधार. जो तेल वेळेवर बदलत नाही, कमी झालेले तेल भरीत नाही, किंवा दहावीस रुपये वाचतात म्हणून भलतेच तेल ओततो, तो साखळीचे आयुष्य आपल्या हाताने कापतो.

साखळीचा एक गुण मात्र मानला पाहिजे : ती बहुधा आधी सांगते. सकाळी थंड इंजिन चालू करताच पहिल्या काही क्षणांत पुढच्या बाजूने खडखड ऐकू येते आणि मग थांबते. दिवस जातात तशी ती अधिक वेळ टिकते. इंजिनाची ओढ कमी होते, चालू व्हायला वेळ लागतो, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. कारण दोन्ही दांड्यांचा मेळ चुकल्याचे आतल्या संगणकाला कळते. मोटारसायकलवाल्यांना हे सांगायला नको. हिरो होंडा स्प्लेंडरसारख्या गाड्यांमध्ये अशीच बारीक साखळी असते आणि ‘टायमिंग चेन वाजतेय’ हे वाक्य चावडीवरही ऐकू येते. मोटारीच्या बाबतीतही तो आवाज तितक्याच गंभीरपणे घ्यावा. नुसती साखळी न बदलता तिच्याबरोबर टेन्शनर, तिला दिशा देणाऱ्या पट्ट्या, आणि झिजली असल्यास दातेरी चक्रेही बदलावीत. जुन्या चक्रावर नवी चेन घातली तर काय होते, हे सायकल वापरणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा.

तेव्हा एका वाक्यात सांगायचे तर, पट्टा मोजून बदलावा, साखळी ऐकून बदलावी. पट्ट्याच्या बाबतीत कानावर आणि डोळ्यांवरही विश्वास ठेवू नये. पूर्वीच्या रबराला भेगा तरी दिसत. आजचे सुधारलेले रबर वरून चांगले दिसत असतानाच आतल्या दोऱ्या थकलेल्या असू शकतात. ‘अजून चांगला दिसतोय, चालेल’ हा शेरा पट्ट्याला लागू नाही.

तुमच्या गाडीत काय आहे, हे कसे ओळखाल? गाडीच्या नावावरून ओळखू नका, इंजिनावरून ओळखा. 2005 साली आलेल्या स्विफ्टच्या 1.3 लिटर पेट्रोल इंजिनात पट्टा होता. 2010 पासून तिच्यात बसलेल्या 1.2 लिटर इंजिनात साखळी आहे. पुण्याच्या टाटा इंडिकाच्या जुन्या 1.4 लिटर डिझेल इंजिनात पट्टा. तर पुढच्या इंडिका व्हिस्टात आलेल्या फियाटच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनात साखळी. नाव तेच, पोट निराळे. काही नव्या इंजिनांत पट्टाच तेलात बुडवून चालवितात. इकोस्पोर्टचे एक लिटरचे पेट्रोल इंजिन त्यांतले. अशा ठिकाणी पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे लागते. दुसऱ्या तेलाने रबर सुटू लागते आणि त्याचे कण तेलाची जाळी तुंबवतात. ट्रॅक्टरवाल्यांनी मात्र काळजी करू नये. बहुतेक ट्रॅक्टरांत हे काम दातेरी चक्रेच करतात. राजदूतसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीत तर अशा झडपाच नाहीत, मग टायमिंग पट्टा कुठला? आणि विजेवर चालणाऱ्या मोटारीत हे इंजिनच नसते.

जुनी गाडी घेताना पट्टा बदलल्याचे बिल मागावे. बिलावर तारीख, काट्याचा आकडा आणि कोणते भाग घातले ते हवे. ‘मागच्याच वर्षी बदललाय, दादा’ हे बिल नव्हे. बिल नसेल तर पट्टा बदललेला नाही असेच धरावे, त्या कामाचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून सौदा ठरवावा, आणि गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यात ते काम उरकावे. काट्यावरच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. काटा मागे फिरविता येतो, गाडीचे वय फिरविता येत नाही.

काम करवून घेताना मिस्त्रीला चार गोष्टी नम्रपणे सांगाव्यात. पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि आयडलर या फिरत्या चकत्याही नव्या घालाव्यात. त्यांची बेअरिंग धरली तर नवा पट्टाही तुटतो. त्या इंजिनात पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही त्याच वेळी बदलावा, कारण उघडण्या-जोडण्याची मजुरी एकच पडते. दांड्यांच्या तोंडाशी असलेले ऑइल सील पाझरत असतील तर तेही बदलावेत. तेल हे साध्या पट्ट्याचे वैरी आहे. आणि शेवटी, खुणा जुळवून पट्टा बसविल्यावर इंजिन चालू करण्यापूर्वी ते हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा तपासाव्यात. दोनच का, हे आता तुम्हांला कळले आहे : खालच्या दोन फेऱ्या म्हणजे वरची एक, म्हणजे चारही पावले पूर्ण. चांगला मिस्त्री हे न सांगता करतोच. पण गिऱ्हाइकाला ठाऊक आहे असे दिसले की कामात हयगय होत नाही. झाकण परत बसविल्याची खात्री करावी, नाहीतर खडा आणि पाचोळा आत जातो. जुना पट्टा मागून घ्यावा आणि बॉनेटच्या आत तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल तोही तुम्हांला दुवा देईल.

खर्चाचे काय? खर्च गाडीगणिक वेगळा आहे. परंतु नुसत्या हिशेबासाठी समजा की सगळे मिळून दहा हजार रुपये लागले आणि पट्टा 60,000 किलोमीटर चालला. म्हणजे किलोमीटरला सोळा-सतरा पैसे पडले. शंभर किलोमीटर झाले की सतरा रुपये डब्यात टाकत गेलात, तर पट्ट्याची पाळी येईल तेव्हा पैसे तयार असतील. अर्थशास्त्रात याला घसारा निधी म्हणतात. आपली आजी त्याला मडक्यातले पैसे म्हणत असे. गरीब माणूस पट्टा लांबणीवर टाकतो तो अज्ञानाने कमी आणि एकदम रक्कम हाती नसते म्हणून अधिक. पण इंजिन गेले की लागणारी रक्कम याहून कितीतरी मोठी असते आणि ती मुदत देत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. ‘गुणोत्तर’ शिकविताना फळ्यावर दोन चक्रे काढा, एकाला वीस दाते, दुसऱ्याला चाळीस. लहान चक्र दोनदा फिरले की मोठे किती वेळा फिरेल, हे मुलांना विचारा. पुठ्ठ्याची चक्रे करून ती दातेरी पट्टीने जोडता आली तर फारच छान. नाहीतर सायकल उलटी ठेवून दाते मोजायला लावा. मग पट्टी एक दाता पुढे सरकवून काय चुकते ते दाखवा. त्या वर्गातला एखादा मुलगा उद्या मिस्त्री होईल, एखादी मुलगी शाळेची व्हॅन चालवील. आणि आज संध्याकाळी घरी जाऊन त्यांतले दोघे-तिघे तरी बापाला विचारतील, “आपल्या गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?” उत्तर आले नाही, तर पुस्तिका काढून तो आकडा त्याच दिवशी पाहिलेला बरा.